छोटं कुत्रं, लांबचा प्रवास : इंदूरहून पुण्याला जिरूला कसं न्यावं?

जिरूची_आई | ९ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे जिरू आहे. पूर्ण नाव जिरावन. (इंदूरबाहेरच्यांसाठी : पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला. रंग अगदी तोच, म्हणून हे नाव.) वय अडीच वर्षं, वजन पाच किलोला जरा कमी. गल्लीत सगळे तिला पामेरियन म्हणतात, डॉक्टर म्हणतात इंडियन स्पिट्झ.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याला नणंदेच्या मुलाची मुंज आहे. आठ दिवस घर बंद. मागच्या दिवाळीत जिरूला गाडीने नेलं होतं, त्याची आठवण काढली तरी अंगावर काटा येतो. रामबागेतून निघालो तेव्हा जांभया देत होती, आम्हाला वाटलं पहाट आहे, झोप येत असेल. राऊच्या पुढे लाळ सुरू झाली. मानपूरच्या घाटात पहिली उलटी, सेंधव्यापर्यंत आणखी दोन. पुढे पुण्यापर्यंत माझ्या मांडीवर थरथरत, जीभ बाहेर काढून बसली होती. पाण्याला तोंड लावलं नाही. परत येताना तेच.

आता तर मे महिना. शेजारच्या काकू म्हणतात झोपेची गोळी द्या, पुण्यात डोळे उघडेल. मला धीर होत नाही. छोट्या कुत्र्यांना घेऊन लांबचा प्रवास केलेल्यांनी कृपया अनुभव सांगा.

भिया_इंदूरकर | ९ एप्रिल, रात्री १०:३१

ताई, सेंधव्याच्या घाटात उलटी आमच्या मामांनाही होते आणि त्यांचं वजन ९० किलो आहे. कुत्र्याचा काय दोष भिया.

बडोद्याचा_पग | ९ एप्रिल, रात्री ११:०५

झोपेच्या गोळीला हात लावू नका. आमच्याकडे पग आहे, चपट्या नाकाचा. बडोदा-मुंबई खूप वेळा केलंय. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ताकीद दिली होती की याला गुंगीचं औषध देऊन प्रवास नाही, श्वास आधीच अरुंद वाटेने चाललाय. स्पिट्झचं नाक लांब असतं, तेवढं बरं. तरी मे महिन्यात दुपारी निघू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. जीभ बाहेर दिसली की भीती आहे की उकाडा, हे चटकन कळतच नाही.

पुणेरी_पाटी | १० एप्रिल, सकाळी ७:४८

मुंजीच्या कार्यालयात कुत्रा आणणार? मातृभोजनाला बटूच्या शेजारी पाट मांडायचा का?

सुदामानगर_काकू | १० एप्रिल, सकाळी ९:२०

पाटीकडे लक्ष देऊ नकोस गं. आमच्या घरी पूर्वी जे कुत्रं होतं, त्याला आम्ही प्रवासात आपण घेतो तीच उलटीची गोळी अर्धी करून द्यायचो. काही झालं नाही. आणि आल्याचा बारीक तुकडा गुळाबरोबर. रुमालाला कापूर बांधून जवळ ठेवायचा, मळमळ थांबते.

महूचा_जुना_विद्यार्थी | १० एप्रिल, दुपारी २:१५

काकू, मोठ्या आहात म्हणून हात जोडून सांगतो, कापूर नको. कुत्र्याने चाटला किंवा गिळला तर विषबाधा होते, झटके येऊ शकतात. आणि माणसाची गोळी अर्धी करणं हा हिशेब नाही. अर्धी गोळी ६० किलोच्या माणसाची अर्धी असते, पाच किलोच्या जिवाची नव्हे.

मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलो, आता निवृत्त आहे. जिरूच्या आईंनी जे लिहिलंय त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, गाडी लागणं. दुसरी, भीती. दोन्हींत लाळ गळते, म्हणून लोक एकच समजतात.

गाडी लागते ती कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागामुळे. डोळ्यांना दिसतं सीट स्थिर आहे, कान सांगतो आपण वळतोय. पिल्लांमध्ये हा भाग पुरता तयार झालेला नसतो, म्हणून त्यांना जास्त लागते. पुष्कळांची वर्षाच्या आतबाहेर सुटते. अडीच वर्षांच्या कुत्रीला अजून लागत असेल तर त्यात भीतीचा वाटा असण्याची शक्यता मोठी. आणि त्या जांभया झोपेच्या नव्हत्या हो. उगाच जांभया देणं, ओठ चाटत राहणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, शेपूट आत घेणं, ही सगळी घाबरल्याची लक्षणं. उलटीच्या पुष्कळ आधी ती तुम्हाला सांगत होती.

उलटीसाठी कुत्र्यांचं वेगळं औषध आहे, मॅरोपिटंट. निघण्याआधी किमान दोन तास, अगदी थोड्या खाण्याबरोबर देतात. गुंगी आणून काम करणारं औषध नाही ते. पण ते फक्त उलटी थांबवतं, भीती नाही. भीती फार असेल तर त्यावरही औषधं आहेत, पण ती तुमच्या डॉक्टरांनी तपासून, वजन बघून द्यायची, आणि प्रवासाआधी एकदा घरीच देऊन बघायची. पहिला प्रयोग धावत्या गाडीत नको. जुन्या पद्धतीचं गुंगीचं औषध, एसप्रोमॅझिन, मात्र कुणी सुचवलं तर दोन प्रश्न विचारा. त्याने शरीर ढिलं पडतं, रक्तदाब उतरतो, पण आतली भीती तशीच राहू शकते. कुत्रं शांत दिसतं म्हणून आपण खूष, आणि ते बिचारं हलता येत नाही म्हणून गप्प.

आता एक प्रश्न. जिरू आजवर गाडीत बसून कुठे कुठे गेली आहे?

जिरूची_आई | १० एप्रिल, रात्री ९:५०

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रश्न वाचून नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे.

इंजेक्शनला. नखं कापायला. एकदा कानाचं दुखणं झालं तेव्हा. आणि दिवाळीत पुण्याला, तिथे चार दिवस फटाके. बास. बाकी फिरायला आम्ही तिला पायीच नेतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. थरथर गाडीत बसल्यावर सुरू होत नाही. माळ्यावरून बॅग काढली की सुरू होते.

महूचा_जुना_विद्यार्थी | १० एप्रिल, रात्री १०:२२

मग अजून महिना आहे, भरपूर आहे. उद्याच बॅग खाली काढा आणि हॉलमध्ये उघडी टाकून ठेवा. भरू नका. कुठे जाऊ नका. त्यात तिचं एखादं खेळणं टाका.

गाडीचंही तसंच. पहिले काही दिवस गाडी उभी, इंजिन बंद, दारं उघडी, आत तिचं जेवण. मग दार लावून. मग इंजिन चालू करून जागेवरच. मग गल्लीच्या तोंडापर्यंत आणि परत. मग एखाद्या आवडत्या ठिकाणी, जिथे सुई नाही. ती अन्नाला तोंड लावेनाशी झाली की समजायचं आपण एक पायरी घाईने चढलो, खाली या. आणि सराव चालू असेपर्यंत डॉक्टरकडे जाणं शक्यतो रिक्षाने करा.

दौंड_एक्सप्रेस | १० एप्रिल, रात्री ११:३०

गाडीचाच हट्ट का? रेल्वेने न्या ना. नियम सांगतो. पाळलेला कुत्रा सोबत ठेवायचा तर फर्स्ट एसी, आणि तिथेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर हवी. सेकंड, थर्ड एसी, स्लीपरमध्ये सोबत ठेवता येत नाही. बुकिंगशिवाय सापडलं तर सामानाच्या दराच्या सहापट आकार. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. इंदूरहून अवंतिका संध्याकाळी सुटते, सकाळी मुंबई, तिला फर्स्ट एसी आहे. तिकीट निघालं की कूपे मिळावा म्हणून अर्ज द्या, कारण कूपे की केबिन हे चार्ट बनताना ठरतं. लसीकरणाचा कागद आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन वेळेआधी पार्सल ऑफिसला जा, कुत्र्याची पावती तिथे फाडतात.

रेल्वेचा हेलकावा एकसारखा असतो, घाटासारखी वळणं नाहीत. आमच्या ल्हासा अप्सोला गाडी लागायची, रेल्वे कधीच नाही.

निशाचर | ११ एप्रिल, रात्री १:१०

गार्डच्या डब्यातल्या पेटीत पाच किलोचं कुत्रं मे महिन्यात? वैऱ्याच्या कुत्र्यालाही नको. अंधार, आवाज, ओळखीचं कुणी नाही. कूपे मिळाला तर उत्तम, नाहीतर रेल्वे विसरा.

दौंड_एक्सप्रेस | ११ एप्रिल, सकाळी ६:३५

निशाचर, मी पेटीत ठेवा म्हटलेलं नाही, पेटी असते असं म्हटलंय. धागा नीट वाचत जा.

निशाचर | १२ एप्रिल, रात्री १२:५५

वाचला. पेटी असूही नये, असं माझं मत.

गच्चीतली_तुळस | १२ एप्रिल, सकाळी ११:४०

आम्ही बंगळूरहून पुण्याला शित्झू विमानाने आणला. अकासाने नोव्हेंबर २०२२ पासून केबिनमध्ये पाळीव प्राणी घ्यायला सुरुवात केली. तेव्हा पिशवीसकट ७ किलोची मर्यादा होती. लोक कुत्र्याचं वजन करतात आणि पिशवीचं विसरतात. नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी फोन करा.

पण आमचा खरा धडा पिशवीचा. प्रवासाच्या आदल्या दिवशी आणली आणि त्याला आत कोंबलं. विमानतळावर जो काही रडला! पुढच्या वेळी तीन आठवडे आधीपासून पिशवी घरात उघडी ठेवली, आत माझा जुना धुतलेला नव्हे तर *न धुतलेला* गाऊन. आता दुपारची झोप तिथेच काढतो. उभं राहता येईल, गोल वळता येईल, पाय पसरून आडवं होता येईल एवढी मोठी हवी.

आणि जिरूच्या आई, मांडीवर नका घेऊ. मला कळतं, घ्यावंसं वाटतं. पण करकचून ब्रेक लागला तर पाच किलोचा जीव हातात राहत नाही, आणि पुढच्या सीटवर एअरबॅग उघडली तर विचारच नको. पिंजरा मागच्या सीटवर, पट्ट्याने बांधून.

बडोद्याचा_पग | १२ एप्रिल, दुपारी १२:२०

+१. आणि गळपट्टा नको, छातीचा पट्टा. पामेरियन, यॉर्कीसारख्या छोट्या जातींची श्वासनळी नाजूक असते, दोरी ओढली की खोकल्याची ढास लागते. टोलनाक्याजवळ थांबाल तेव्हा आधी दोरी लावायची, मग दार उघडायचं. आमचा एकदा भरूचजवळ हातातून निसटला होता. ते पाच मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही.

देवासचा_रसिक | १२ एप्रिल, संध्याकाळी ७:००

संगीताचं कुणी बोललंच नाही! ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटलंडच्या प्राणिसंस्थेने मिळून २०१७ मध्ये आश्रयगृहातल्या कुत्र्यांना वेगवेगळी गाणी ऐकवली होती. सॉफ्ट रॉक आणि रेगे लागलं की ती जास्त निवांत झाली. शिवाय बेलफास्टच्या डेबोरा वेल्स यांनी २००६ मध्ये गाडीत फार उत्तेजित होणाऱ्या ३२ कुत्र्यांवर लॅव्हेंडरच्या वासाचा प्रयोग केला, वासाने त्यांची हालचाल आणि भुंकणं कमी झालं.

मी मात्र आमच्या मोतीला कुमारजींची निर्गुणी भजनं लावतो. देवासचं कुत्रं रेगे ऐकून काय करणार?

भिया_इंदूरकर | १२ एप्रिल, संध्याकाळी ७:१४

रसिकराव, मोती निवांत होतो की तुम्ही?

देवासचा_रसिक | १२ एप्रिल, संध्याकाळी ७:२०

मी निवांत झालो की तो होतो. त्यातच सगळं आलं.

महूचा_जुना_विद्यार्थी | १२ एप्रिल, रात्री ९:०५

रसिकराव, वास हवेत हलकासा असेल तर ठीक. तेलाचे थेंब कुत्र्याच्या अंगावर किंवा गादीवर टाकू नयेत. टी ट्री तेल तर घरातच आणू नये, विषारी आहे. आणि वास तिला नको असेल तर बंद पिंजऱ्यात ती जाणार कुठे? घरी आधी हुंगवून बघा.

सुदामानगर_काकू | १३ एप्रिल, सकाळी १०:३०

कापराचं मला खरंच माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. पण मला एक वाटतं. नेताच कशाला? होळकरांचं कुलदैवत खंडोबा, त्याच्या पायाशी कुत्रा असतोच, पण म्हणून प्रत्येक मुंजीला नको गं. माझ्याकडे ठेव. मी सुदामानगरात, तू रामबागेत. दोन-तीनदा आणून सोड, घराची ओळख होईल.

पुणेरी_पाटी | १३ एप्रिल, सकाळी १०:४५

शेवटी माझंच म्हणणं काकूंनी गोड शब्दांत सांगितलं. नोंद घ्यावी.

जिरूची_आई | १३ एप्रिल, रात्री १०:०५

काकू, डोळ्यांत पाणी आणलंत. खरंच विचार करते. अडचण एवढीच की ती माझ्याशिवाय रात्रभर राहिलेली नाही. मी दारामागे गेले तरी उंबऱ्यावर बसून राहते. तुमच्याकडे आठ दिवस न जेवता राहिली तर तुम्हालाही घोर आणि मलाही. आधी सराव करून बघते, नाहीच जमलं तर तुमच्याकडे.

सरावाचा वृत्तान्त : दिवस तिसरा. उभ्या गाडीत पोळी-दही खाल्लं. मग सीटवर शू केली.

भिया_इंदूरकर | १३ एप्रिल, रात्री १०:११

आता गाडी तिची झाली, ताई. कागदपत्रं करून टाका.

जिरूची_आई | २४ एप्रिल, रात्री ९:३०

इंजिन चालू करून जागेवर : जमलं. गल्लीच्या तोंडापर्यंत : जमलं. राजेंद्रनगरपर्यंत : लाळ. दोन दिवस परत गल्लीतच. मग बिजासन टेकडी, संध्याकाळी, वर पोचल्यावर उकडलेलं चिकन. (सासूबाईंना हे सांगायचं नाही.) काल स्वतःहून गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली!! बॅग हॉलमध्येच आहे, आता त्यात झोपते. पाहुण्यांना वाटतं आम्ही घर सोडतोय.

सिरपूर तलावावर न्यायचं मनात होतं.

गच्चीतली_तुळस | २४ एप्रिल, रात्री ९:५२

सिरपूर नको हो. २०२२ पासून रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) आहे ते, पक्ष्यांचं घर. तिथे कुत्री नेऊ नयेत, कितीही छोटी असली तरी. टेकडी उत्तम. सेंधव्याच्या बिजासन घाटाआधी इंदूरची बिजासन झाली म्हणायची!

जिरूची_आई | २ मे, दुपारी ४:१५

डॉक्टरांकडे जाऊन आले (रिक्षाने). मॅरोपिटंट लिहून दिलंय. बाकी काही लागणार नाही म्हणाले. जेवणाचं कसं करू? कुणी सांगतं १२ तास उपाशी ठेवा.

महूचा_जुना_विद्यार्थी | २ मे, संध्याकाळी ६:४०

१२ तास नको. नेहमीचं पोटभर जेवण निघण्याआधी चार-पाच तास संपवा, गोळीबरोबर घासभर द्या, तेवढं पुरे. अगदी छोट्या जातीच्या पिल्लांना तर लांब उपास धोक्याचा, साखर उतरून गळून पडतात. जिरू मोठी आहे, पण तिचाही जीव केवढा. पाणी घरचंच न्या. दर दोन-अडीच तासांनी उतरवा. पहाटे चारच्या आत इंदूर सोडा म्हणजे निमाड तापायच्या आत घाट उतरून जाल. चहाला थांबलात तर एकाने गाडीत बसायचं, एसी चालू ठेवून. बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते, सावलीचाही भरवसा नाही. आणि उतरवण्याआधी आपला तळहात उलटा करून डांबरावर ठेवून बघा. सात सेकंद सोसवला तर तिचे पंजेही सोसतील.

पिंजऱ्याच्या बाजूंना ओढणी टाका, समोर उघडं ठेवा. पळती झाडं दिसली नाहीत की पुष्कळांची मळमळ कमी होते. काचा बोटभर खाली.

जिरूची_आई | १९ मे, रात्री ११:००

आलो परत! उशीर झाला लिहायला, माफी.

जाताना पावणेचारला निघालो. ओढणी टाकलेली, आत माझी जुनी साडी. मानपूरच्या घाटात मी श्वास रोखून बसले होते, जिरू नव्हती. खलघाटच्या पुलावर उजाडलं, सासऱ्यांनी काच खाली करून "नर्मदे हर" म्हटलं, तेव्हा तिने डोकं वर करून एकदा भुंकून घेतलं. सेंधव्याचा बिजासन घाट : लाळ थोडी, उलटी नाही. शिरपूरला उतरवली तर चक्क पाणी प्यायली. धुळ्यापर्यंत मी सगळ्यांना मनातल्या मनात पेढे वाटत होते.

मनमाडच्या अलीकडे भडाभडा उलटी. औषधाची वेळ गेली का, ऊन लागलं का, मी घाबरीघुबरी. रुमालाने पुसताना बघते तर पिवळी शेव. मागे सासूबाई गप्प, सासरे खिडकीबाहेर, आणि नवरा सरळ रस्त्याकडे बघत गाडी चालवतोय. शेवटी कबूल झाला : "ती बघत होती गं माझ्याकडे."

मुंजीच्या दिवशी कार्यालयात नेलं नाही, पाटीसाहेब खूष व्हा. बँड, गर्दी, फ्लॅश, एवढं तिच्याकडून करवून घ्यायचा हट्ट नाही केला. नणंदेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक आजोबा आहेत, गुडघ्यांमुळे ते कार्याला येणार नव्हते. आदल्या दोन दिवशी तिला घेऊन त्यांच्याकडे चहाला जाऊन बसले. मुंजीला ती त्यांच्या पायाशी पाच तास राहिली, दारातल्या उंबऱ्यावर नाही. काकू, पुढच्या वेळी मी एकटी गेले तर तुमच्याकडे नक्की. येत्या रविवारी चहाला आणते तिला, चालेल ना?

परतीला शून्य उलट्या. राऊ आलं तेव्हा पिंजऱ्यात पाय वर करून झोपली होती.

सुदामानगर_काकू | १९ मे, रात्री ११:०८

चालेल काय, धावेल. कापूर कपाटात कुलपात ठेवलाय.

पुणेरी_पाटी | २० मे, सकाळी ७:३०

खूष आहे. आजोबांना काय दिलं? आठ दिवसांचा पाहुणचार पुण्यात फुकट होत नाही.

जिरूची_आई | २० मे, सकाळी ८:०२

पाच तासांचा हो. इंदूरचा अर्धा किलो जिरावन दिला.

भिया_इंदूरकर | २० मे, सकाळी ९:१५

सगळं ठीक आहे ताई, पण मुद्द्याचं कुणी विचारलंच नाही. शेव कोणती होती? साधी की लौंगेची?

जिरूची_आई | २० मे, सकाळी ९:४०

लौंगेची. आता गाडीत शेव बंद. नवऱ्यालासुद्धा.